दिवाणजींचा श्वास

शनिवार, १ मार्च

पोहोचले एकदाची. दोन बॅगा, पोहण्याच्या सामानाची एक पिशवी आणि ही वही. वही आईने निघताना हातात कोंबली. तुला फोन करायला वेळ नसतो, निदान लिहून तरी ठेव, म्हणाली. लिहिलेलं तिला तिकडे कसं कळणार ते तिचं तिलाच ठाऊक, पण आईशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालंय?

घर छान आहे. खाली घरमालक, वर मी. जिना मात्र असा अरुंद की आधी बॅग पुढे ढकलायची आणि मग तिच्यामागून आपण चढायचं. घरमालक लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. सगळ्या गावाला वर पोहोचवता आणि स्वतःच्या घरी हा जिना, असं मी म्हटल्यावर ते ओशाळून हसले आणि दोन्ही बॅगा उचलून भराभर वर गेले. त्यांना मी दादा म्हणायचं ठरवलंय आणि त्यांच्या बायकोला वहिनी. वहिनी औषधांच्या दुकानात काउंटरवर असतात. मुलगी सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, तोंडाला क्षणाची उसंत नाही, म्हणून घरातलं नाव चिमणी. मी पोहायला शिकवते हे कळल्याबरोबर तिने विचारलं की पाण्यात रडलं तर कोणाला कळतं का. मी म्हटलं, मला कळतं. तेव्हापासून स्वारी माझ्यावर खूश आहे.

माझी नोकरी इथल्या शाळेच्या तलावावर. तिथे फरश्या बदलायचं काम चाललंय, पाणी सोडायला अजून दोनतीन आठवडे लागतील. तोवर मी रिकामी, आणि म्हणूनच हे घर मला मिळालं. वहिनींना दिवसभर घरी राहणारं कोणीतरी हवं होतं, कारण घरातला चौथा माणूस आजारी आहे.

चौथा माणूस म्हणजे दिवाणजी. दिवाणजी गिनीपिग आहेत. तपकिरी पाठ, पांढरं पोट, फुगलेले गाल, आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात असे गंभीर बसलेले की कोणाची तरी रजा नामंजूर करतायत असं वाटावं. फोनवर वहिनींनी या दिवाणजींसाठी केवढ्या चौकशा केल्या! सिगारेट ओढता का, लहानपणी दमा होता का, छाती कधी भरते का. मग मुलांना पोहायला शिकवता म्हणजे नेमकं काय करता, हेही विचारलं. आपल्या कामाबद्दल कोणी विचारलं की मला राहवत नाही. चांगला अर्धा तास बोलले. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही.

दिवाणजींना फुप्फुसाचा त्रास आहे. जवळ कान नेला की चहा गाळून संपताना गाळणीतून येतो तसा आवाज येतो. बिचारे. पण मी आलेय ना आता. बघून घेऊ.

सोमवार, ३ मार्च

जनावरांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. खरं तर ते गाई-म्हशींचे डॉक्टर, एवढ्याशा जिवाच्या छातीला नळी लावताना स्वतःच श्वास रोखून धरतात. त्यांनी सगळं नीट समजावलं. सकाळ-संध्याकाळ अँटिबायोटिक. दिवसातून तीनदा वाफ. खात नसेल तर गोळ्यांचा चारा पाण्यात कालवून सिरिंजने भरवायचा, पण समोरून नाही, गालाच्या बाजूने, नाहीतर तोच फुप्फुसात जायचा. रोज सकाळी वजन. गार फरशी नको, वारा नको, भुसा तर अजिबात नको, त्याची धूळ उडते. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. हे प्राणी फक्त नाकाने श्वास घेतात. गिनीपिग तोंड उघडून हवेसाठी धडपडायला लागला की समजायचं, आता फार काही उरलं नाही.

दिवाणजींना भरवणं म्हणजे नाकी नऊ येतात. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं की मागचे पाय मारतात आणि माझ्याकडे असे बघतात की जणू यांच्याच पगारावर मी कामाला आहे. अर्धं पोटात, अर्धं माझ्या कुडत्यावर. वाफेसाठी दादांनी छान युक्ती केलीय. प्लास्टिकच्या मोठ्या डब्याला भोक पाडून त्यात वाफेच्या यंत्राची नळी बसवलीय. डब्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्यात, टोचू नयेत म्हणून. ज्याच्या हाताला एवढी माया आहे तो माणूस माझ्या डोळ्याला डोळा का देत नाही कोण जाणे. लाजाळू असावेत.

या घरात एक नियम आहे आणि तो फार कडक आहे. चिमणीने दिवाणजींना हात लावायचा नाही. त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. ती दारातच बसते, उंबऱ्याला पायाची बोटं टेकवून, आणि तिथूनच त्यांना शाळेत काय झालं ते सांगते. आज मी म्हटलं, येऊ दे की, हात धुवून लावेल. वहिनी एकदम म्हणाल्या की नाही म्हणजे नाही. मग जरा हसून म्हणाल्या, तिला लहानपणी छातीचा फार त्रास होता, केसांची ॲलर्जी असेल म्हणून घाबरते. बरोबर आहे. आईचं काळीज.

गुरुवार, ६ मार्च

आज दिवस वाईट गेला. सकाळी काट्यावर वजन अजून खाली. काकडीला तोंड लावलं नाही, कोथिंबिरीकडे ढुंकून पाहिलं नाही. पाठीला कुबड काढून बसलेत, डोळे अर्धवट मिटलेले, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जातात. सिरिंजमधला चारा गालातून तसाच बाहेर ओघळला. वहिनी दुकानातून दोनदा येऊन गेल्या. दिवाणजींकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

चिमणी दारात बसून होती. तिने विचारलं, पाण्यात बुडणाऱ्या मुलांना तू काय करतेस? मी म्हटलं, माझ्या हातात कोणी बुडत नाही.

आणि मग मला ते सुचलं. पहिल्यांदा पाण्यात उतरलेलं मूल घाबरलं की त्याचा श्वास वर वर, उथळ होतो. ओरडून काही होत नाही. मी त्याला काठाशी उराशी धरते आणि आधी त्याच्यासारखा श्वास घेते, तसाच भराभर, तसाच उथळ. त्याचा नि माझा एक झाला की मग मी माझा हळूहळू लांबवते, आणि मूल आपोआप मागे येतं. इतक्या वर्षांत ही युक्ती कधी फसली नाही. इतर मास्तर मला हसतात, आया मात्र हात धरून आभार मानतात.

दिवाणजींना टॉवेलातून काढलं, छातीवर आडवं धरलं आणि पलंगावर टेकून बसले. त्यांचे श्वास भलतेच भराभर. आधी माझा एक तर त्यांचे तीन. मग दोन. मग मी इतके छोटे श्वास घ्यायला लागले की डोकं हलकं झालं. आणि जुळला. कुठे ते सांगता येणार नाही, पण दोघांच्या मध्ये काहीतरी कुलपात किल्ली बसावी तसं बसलं. मग मी माझा लांबवायला घेतला.

किती वेळ गेला कळलं नाही. दुपारचं ऊन भिंतीवरून खाली सरकलं होतं. दिवाणजींनी डोळे उघडले, मान वळवली आणि माझ्या कुडत्याचं बटण चावायला सुरुवात केली.

मी रडले. दारात चिमणी टाळ्या वाजवत होती.

सोमवार, १० मार्च

दिवाणजी ठणठणीत! डॉक्टरांनी नळी लावली, परत लावली, मग नळीच बिघडली असेल म्हणून दुसरी आणली. छाती साफ. त्यांनी मला विचारलं की काय केलंत. मी म्हटलं, पोहायला शिकवलं. ते हसले नाहीत. हे असं होत नाही, म्हणाले.

होत नाही तर नाही. झालंय खरं. सकाळी पिंजऱ्याचं दार उघडण्याआधीच शिट्या मारतात, गवत ओढतात, ढोबळी मिरची दिसली की जागच्या जागी उड्या. काल वाटीच उलथवली आणि माझ्याकडे बघून असे थांबले की जणू वाटी मीच उलथवली. वहिनींनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि ढसाढसा रडल्या. एका गिनीपिगपायी एवढं! तुमचे उपकार फिटायचे नाहीत, म्हणाल्या. दादा मागे उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं.

चिमणी धावत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारली. वहिनींनी तिला इतक्या जोरात मागे ओढलं की पोरीचा दंड लाल झाला. गिनीपिगचे केस असतात तुमच्या कपड्यांना, म्हणाल्या. मला जरा लागलं ते. मी काय पिंजऱ्यात राहते?

दिवाणजींना आता कोणीही उचलून घेतं. मलाच जरा कणकण वाटतेय. एवढ्या वाफेत बसल्यावर होणारच.

शनिवार, १५ मार्च

कणकण गेली, पण एक आवाज राहिलाय. पडल्यावर येतो. आधी वाटलं पंखा. पंखा बंद केला. मग वाटलं दिवाणजींना पुन्हा सुरू झालं, म्हणून खाली जाऊन पिंजऱ्याला कान लावला. ते आपले निवांत झोपलेले, छाती स्वच्छ. आवाज माझ्याबरोबर खाली आला होता. तोच, गाळणीचा.

माणसांच्या डॉक्टरकडे गेले. फोटो काढला, फुंकायला लावलं. म्हणाले, अशी फुप्फुसं आम्हाला बघायलाही मिळत नाहीत, तुम्ही खेळाडू का? मी म्हटलं, मग आवाज कसला? त्यांना आवाज ऐकूच येत नव्हता.

परत येताना जिना चढले आणि मध्येच बसावं लागलं. मला! खाली वहिनी उभ्या होत्या. वर आल्या नाहीत, काय झालं म्हणून विचारलं नाही. बघत राहिल्या. थोड्या वेळाने फळं पाठवली, सोललेली, बारीक चिरलेली.

भूक नाही. मनाची समजूत घालतेय की हवा बदलली, पाणी बदललं. पण मला खरं तर भीती वाटतेय. लिहून टाकलं की कमी होईल असं वाटलं होतं.

बुधवार, १९ मार्च

आज तलावात पाणी सोडलं. नवीन निळ्या फरश्या, तळ काचेसारखा दिसतो. मुलं उद्यापासून, आज फक्त मी आणि रखवालदार. म्हटलं पाण्यात गेले की सगळं ठीक होईल. आजवर पाण्याने मला कधी नाही म्हटलेलं नाही.

सूर मारला, चार हात मारले, मान वळवली, तोंड उघडलं.

हवा आली नाही.

तोंड पाण्याच्या वर होतं. ओठांवर वारा लागत होता. मी आत ओढत होते आणि आत काहीच जात नव्हतं, गळ्यात दार लागावं तसं. पुन्हा मान वळवली. पुन्हा तेच. तेव्हा घाबरून नाक वर काढलं, आणि नाकातून आली, थोडीशी, पाण्यासकट. काठाला धरून खोकत राहिले. रखवालदाराने हात देऊन वर घेतलं आणि विचारलं की बाई, तुम्हीच का त्या शिकवणाऱ्या?

घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. नाक चिमटीत धरलं आणि तोंड उघडलं. छाती वर-खाली होत होती, पण आत काही नाही. नाक सोडलं तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

मी नाकाने श्वास घेते. फक्त नाकाने.

गुरुवार, २० मार्च

वहिनींना विचारलं. आडवळणाने नाही, सरळ विचारलं की मला काय झालंय. वाटलं होतं झटकून टाकतील. त्यांनी दुकानात फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं, दार लावलं आणि समोर बसल्या.

ते चिमणीचं आहे, म्हणाल्या. जन्मल्यापासूनचं. तीन-चार वर्षांची असताना डॉक्टरांनी हात टेकले, जेमतेम महिना काढेल म्हणून घरी पाठवली. कोणीतरी तिला खेळायला गिनीपिग आणून दिला. पोर त्याला उराशी धरून झोपली. सकाळी उठली ती खडखडीत बरी, आणि गिनीपिग घरघरत होता. तो मेला. त्याच दिवशी चिमणीला पुन्हा सुरू झालं. दुसरा आणला. मग तिसरा. श्वासात श्वास मिसळला की ते एकातून दुसऱ्यात जातं, आणि ज्याच्यात असेल तो मेला की फिरून घरी येतं, चिमणीकडे. आईबापाने आधी स्वतःच घ्यायला पाहिजे होतं, असं मी म्हणायच्या आत त्यांनीच सांगितलं की रात्रंदिवस छातीशी धरून बसलो होतो दोघं. रक्ताच्या माणसाकडे ते जात नाही.

रडत नव्हत्या. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते सांगावं तशा सांगत होत्या. गिनीपिग आता टिकेनासे झाले होते. दर वेळी कमी दिवस. म्हणून मोठी छाती हवी होती. फोनवर मी मुलांच्या श्वासात श्वास मिसळून शिकवते म्हणाले, तेव्हाच त्यांनी ठरवलं. मला काही सांगावंही लागलं नाही, आपण होऊन केलंत, म्हणाल्या.

मी म्हटलं, मी जाते इथून. जा म्हणाल्या. हवं तिथे जा. फक्त जगा.

शनिवार, २२ मार्च

गेले नाही. स्टेशनपर्यंत चालवलं नाही.

दुपारी घरात कोणी नव्हतं. नाही, चिमणी होती. तिची शाळा सुटली होती, खालच्या खोलीत चित्र काढत होती. मला ते माहीत होतं. माहीत असूनही मी दिवाणजींना पिंजऱ्यातून काढलं आणि वर घेऊन आले.

त्यांना वाटलं खायला मिळणार. माझं बोट हुंगलं. मी त्यांना छातीवर धरलं, पलंगाला टेकले आणि त्यांच्यासारखे छोटे छोटे श्वास घेतले. जुळायला वेळ लागला नाही.

माझ्यातून ते निघालं. ओलं पोतं कोणी पाठीवरून उचलावं तसं. तोंड उघडलं आणि हवा आत आली, पोटापर्यंत आली, मी हसले मोठ्याने. दिवाणजी हातात कुबड काढून बसले होते. इतक्या दिवसांत माझ्यात ते वाढलं होतं, त्यांच्या एवढ्याशा अंगात मावेना. त्यांनी तोंड उघडलं. तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिले. औषध नाही, वाफ नाही, मी काहीच केलं नाही, नुसतं धरून बसले. फार वेळ लागला नाही.

मग खालून तो आवाज आला.

मी बॅग उचलली होती. खरंच उचलली होती, जिन्याच्या तीन पायऱ्या उतरलेही होते. चिमणी खाली जमिनीवर बसली होती, हातात खडू तसाच, ओठ निळे, मान वर करून हवा शोधत होती. मला बघून तिने हात वर केले, मुलं पाण्यातून करतात तसे.

घेतलं तिला उराशी. घेतलं परत. माझ्या हातात कोणी बुडत नाही.

सोमवार, २४ मार्च

दिवाणजींना दादांनी मागच्या अंगणात पुरलं. खड्डा खणताना रडत होते, खिडकीतून दिसलं. चिमणीला सांगितलंय की ते झोपेत गेले. आता ती माझ्या दारात बसते, उंबऱ्याला बोटं टेकवून, आणि शाळेत काय झालं ते मला सांगते.

नवीन गिनीपिग आणा, म्हटलं. वहिनी म्हणाल्या, आता तुमच्यात आहे तेवढं कोणत्याच जनावरात मावणार नाही. तो क्षणात जाईल, आणि ते पुन्हा तिच्याकडे.

म्हणजे मी जगले पाहिजे. मी मेले की ती. एवढंच काम आहे आता मला. आईचा फोन आला होता. आवाज बसलाय म्हटलं. ती म्हणाली, वाफ घे.

शुक्रवार, २८ मार्च

दादांनी वजनकाटा वर आणून ठेवला. रोज सकाळी त्यावर उभं राहायचं. आकडा बघून ते मान खाली घालतात. तिसऱ्या दिवसापासून मला धरून उभं करावं लागतं.

आडवं झोपता येत नाही. कुबड काढून बसलं की जरा बरं. भिंतीच्या कोपऱ्यात सगळ्यात बरं.

वहिनी भरवतात. सिरिंजने. गालाच्या बाजूने.

त्यांचा राग यायला हवा. येत नाही. कुडत्यावर सांडलं की ओल्या फडक्याने पुसतात, अंघोळ घालतात, केस विंचरतात. माझ्या आईनेही एवढं केलं नसतं. मी जगावं म्हणून जगात इतकी धडपड कोणी—

बुधवार. एप्रिल लागला म्हणे

शाळेने माझ्या जागी दुसरं माणूस घेतलं.

चिमणीने विचारलं, तू कधी शिकवणार? बोटाने खूण केली, थांब.

नाकात सुई शिरेल एवढी वाट उरलीय. जपून. लिहितानाही जपून. घाबरले की हवा जास्त लागते.

आज तोंड आपोआप उघडलं. मिटलं लगेच. वहिनींनी पाहिलं.

तारीख विचारली नाही

वहिनी खाली फोनवर बोलत होत्या. कितीतरी वेळ. सिगारेट ओढता का. लहानपणी दमा होता का. तुमच्या कामात नेमकं काय करता.

मी भिंतीवर हात आपटला. तळहाताचा आवाज किती होणार.

दुपार

आली. डोंगर चढवणारी बाई आहे, लोकांना दोर बांधून उंचावर नेते. धिप्पाड, उन्हाने रापलेली, हसली की खिडकीची काच वाजते. जिन्यावर बॅग अडकली तेव्हा मोठमोठ्याने हसत होती.

मी वहिनींची आजारी बहीण आहे, असं तिला सांगितलंय. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. काळजी करू नका ताई, मी आलेय ना आता, म्हणाली.

हिला सांगायचं. बोलता येत नाही, पण लिहिता येतं. पुढच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहीन— पळ— आणि दाखवीन. चिमणीचं काय, ते— नाही. हिला का. हिने काय केलंय. दाखवायचंच.

—

ती माझ्यामागे बसलीय. पाठीला छाती लावून धरलंय, टेकायला. म्हणून लिहिता येतंय. काय लिहिता म्हणून विचारलं. तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, चष्मा खाली राहिलाय. पळ लिहिलंय ते पान फाडून दिलं तर खाली जाऊन वाचेल. देते.

ती सांगतेय, उंचावर हवा विरळ होते, लोक घाबरतात, तेव्हा मी अशीच मागे बसते. त्यांच्यासारखा श्वास घेते. मग हळूहळू—

तिला थांबवायला हवं.

तिचा एक. माझे तीन.

देते पान. आत्ता देते.

दोन.

दारात चिमणी आहे. बघतेय.

जुळला.

तोंड उघडलं आणि हवा— थंड— घशातून खाली— किती दिवसांनी— ताई रंग आला बघा तुमच्या गालावर म्हणतेय— खोकली ती, मध्येच, जरासं— अजून सोडवता येईल, अजून पूर्ण गेलेलं नाही, मान पुढे घेतली तरी— घेते— सांगते तिला, आता आवाजही निघेल माझा, फक्त हा एक पोटभर घेते आणि सांगते, हा झाला की, अजून एकच—